नऊ नंबरचा पाचवा फाउल

पत्रात तीन चुका होत्या, आणि तिसरीला लाल शाईचा गोल मारून होईपर्यंत पत्र काय म्हणतंय हे त्याच्या डोक्यात शिरलंच नव्हतं. छापखान्यात एकतीस वर्षं मुद्रितं तपासून ही खोड लागली होती. आधी अक्षर दिसायचं, मग शब्द, आणि मजकूर मागून आला तर आला. आज मजकूर आला तो धडक मारूनच. मुलीला ज्या संघानं दोन वर्षांच्या करारासाठी निवडलं होतं, त्या संघाच्या वर्तन समितीचं ते पत्र होतं. खेळाडूच्या मैदानाबाहेरील वागणुकीविषयी गंभीर तक्रार आली आहे, सोमवारी सकाळी अकरा वाजता सुनावणी आहे, तोवर करार थांबवण्यात येत आहे, आणि आपण तिचे वडील असून स्वतः ज्येष्ठ पंच राहिलेले असल्यानं आपण हजर राहिल्यास उपयोग होईल. सोबत तक्रारीची प्रत होती. हौशी स्पर्धेचा उपांत्य सामना संपल्यावर या मुलीनं पंचाची गाडी अडवली. बावीस मिनिटं ती बॉनेटसमोर उभी होती. शिवी दिली नाही, हात लावला नाही, काच ठोकली नाही. नुसती उभी राहिली आणि एकच वाक्य म्हणत राहिली, 'सर, हात वर करा, मी जाते.' इथवर वाचून त्याला हसूच येणार होतं. पण पुढची ओळ आली आणि हसू तिथंच राहिलं. तक्रारदारानं लिहिलं होतं : 'शिट्टी वाजली म्हणजे फाउल, हे मी तिला शांतपणे समजावून सांगितले.' हे वाक्य त्याचं होतं. त्याचं स्वतःचं, शब्दन् शब्द. सव्वीस वर्षं बास्केटबॉलच्या मैदानावर पंच म्हणून उभं राहताना आणि नवे पंच तयार करताना तो ते हजारदा बोलला होता, आणि खाली सही कुणाची ते बघायचीही गरज नव्हती. चष्मेवाला, त्याचा सगळ्यात गुणी शिष्य. त्या ओळीत एकही चूक नव्हती. तरीसुद्धा लाल पेन तिच्यावर टेकून राहिलं आणि शाईचा ठिपका पसरत गेला.

"काय आलंय?" बायकोनं आतून विचारलं. तिला पत्र वाचावं लागत नाही, नवऱ्याची पाठ वाचली की पुरतं. तिनं चहाचा कप ठेवला, पत्र ओढून घेतलं आणि उभ्याउभ्या वाचलं. बावीस मिनिटांपाशी तिच्या भुवया वर गेल्या. "बावीस मिनिटं! घरात एका जागी दोन मिनिटं बसत नाही ही बया." मग ती खुर्चीवर बसली. "आता हो? गेलं का सगळं हातचं?" तो म्हणाला, "बघू." "बघू काय? चष्मेवाला तुमचाच ना? बोला त्याच्याशी. तुमचा शब्द तो खाली पडू देणार नाही." तो पेनाला टोपण लावत राहिला. त्याचा शब्द चष्मेवाल्यानं खाली पडू दिला नव्हता, हीच तर सगळी अडचण होती. बायकोनं तक्रार पुन्हा वाचली आणि हळूच म्हणाली, "हात वर करा म्हणे. आपल्याच घरातली बडबड, आणि ही निघाली जगाला शिकवायला. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण." आणि नंतर, कप उचलता उचलता, सहज, "तरी बरं, तुमच्याच गाडीपुढं उभी राहिली नाही."

त्याच्या काळात नियमच होता की फाउल झाला की खेळाडूनं स्वतः हात वर करायचा. म्हणजे गुणलेखकाला कळतं कुणाच्या नावावर मांडायचा, आणि खेळाडूलाही कळतं. पुढं नियम गेला, कुणी हात वर करेना. पण तो नियम त्यानं घरी आणला आणि घरात तो टिकला. कप फुटला, हात वर. दूध उतू गेलं, हात वर. हात वर केला की विषय संपला, त्यावर बोलणी नाहीत, टोमणे नाहीत. ठेंगी, म्हणजे ही मुलगी, जन्मली तेव्हा वीतभर होती म्हणून ठेंगी, आणि आता सहा फूट एक इंच झाली तरी ठेंगीच, ती तीन वर्षांची असताना भिंतीवर पेन्सिलीनं भलंमोठं वर्तुळ काढून त्या वर्तुळासमोर हात वर करून उभी होती, कुणी खोलीत नसताना, कोणीतरी येऊन बघेपर्यंत. बायको एका हातात कालथा आणि दुसरा हात वर अशी स्वयंपाकघराच्या दारात यायची, की आज भाजी करपली. पाहुणे हसायचे. त्याला या गोष्टीचा केवढा अभिमान! चारचौघांत सांगायचा. आणि या सगळ्या वर्षांत त्याचा स्वतःचा हात किती वेळा वर गेला, हे त्याला त्या सकाळी चहा निवत असताना आठवून बघावंसं वाटलं. नळ चालू राहिला तेव्हा तो म्हणाला होता, पाणीच नव्हतं, मला काय कल्पना. वीजबिल भरायचं राहिलं तेव्हा रांग मोठी होती. एकदा बायको म्हणालीही होती, "नियम सगळ्यांना, तुम्हाला सोडून." तेव्हा त्यानं हसत उत्तर दिलं होतं की पंच हात वर करत नसतो, पंच मूठ वर करतो. आणि ते खरंच होतं. फाउल दाखवायचा म्हणजे शिट्टीबरोबर बंद मूठ वर. उघडा पंजा असतो तो खेळाडूचा.

शनिवार-रविवार त्यानं काही केलं नाही. चष्मेवाल्याला फोन लावायला दोनदा उचलला आणि दोनदा ठेवला. ठेंगीचा फोन आला, तिकडून संघाच्या वसतिगृहातून, आवाज नेहमीसारखाच. "बाबा, पत्र आलं ना? येऊ नका तुम्ही. माझं मी बघते." तो म्हणाला, "येतोय." तिनं फोन ठेवला, आणि त्याला एक व्यायामशाळा दिसायला लागली, उंच खिडक्यांची, रबरी तळव्यांच्या वासाची. सात वर्षं झाली. शाळांचा अंतिम सामना होता आणि ठेंगी तेरा वर्षांची, नऊ नंबरचा सैल शर्ट घालून, नुसते हात नि पाय. ठरलेल्या पंचाचा घोटा सकाळीच मुरगळला. दोन्ही प्रशिक्षक त्याच्याकडे आले. तो म्हणाला, माझी मुलगी खेळतेय, मी नको. ते म्हणाले, तुम्ही आहात म्हणून तर काळजी नाही. त्याला तराजू म्हणायचे सगळे. तराजूला मुलगी कसली नि जावई कसला, असं कुणीतरी म्हणालं, आणि त्याला गुदगुल्या झाल्या. नाही म्हणायला हवं होतं, ते त्यानं म्हटलं नाही. पूर्वार्धात प्रेक्षकांतून एक आवाज आला, "बाप पंच, मग काय, मजाच आहे!" चार माणसं हसली. तेवढंच. पण ते हसू त्याच्या कानात माशीसारखं शिरलं आणि सामनाभर गुणगुणत राहिलं. शेवटची चाळीस सेकंदं राहिली होती, ठेंगीचा संघ एका गुणानं पुढं, तिच्या नावावर चार फाउल, पाचवा झाला की बाहेर. समोरची दांडगी मुलगी चेंडू घेऊन थेट बास्केटकडे धावली. ठेंगी मध्ये उभी राहिली. दोन्ही पाय जमिनीवर रोवलेले, हात सरळ वर, पापणीही हलली नाही. ती मुलगी येऊन धडकली आणि आपटली. उभ्या राहिलेल्यावर जो येऊन आदळतो त्याचा फाउल, हे पंचांच्या पहिल्या धड्यात शिकवतात. तो चार पावलांवर होता. त्यानं तिचे पाय बघितले होते, बुटांच्या नाड्यासुद्धा दिसल्या होत्या, डाव्या पायाची सैल झालेली. आणि त्यानं शिट्टी वाजवली. मूठ वर. फाउल, नऊ नंबर, पाचवा.

त्या एका क्षणात त्याच्या मनात काय आलं हे तो सात वर्षं शोधत होता, म्हणजे खरं तर न शोधण्याची काळजी घेत होता. काही आलंच नव्हतं. फक्त ती माशी गुणगुणायची थांबली होती. लोक म्हणतात आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. त्यानं म्हण उलटी करून दाखवली, आणि उलटी केलेली म्हणही तितकीच खोटी असते हे त्याला तेव्हा कळलं नाही. ठेंगी जागची हलली नाही. हातही वर केला नाही. तो ओरडला, "नऊ नंबर, हात वर!" तिनं त्याच्याकडे पाहिलं. रागानं नाही, रागानं पाहिलं असतं तर त्याला सोपं गेलं असतं. मोठं झाल्यावर कधीतरी उत्तर मिळेल अशा गोष्टीकडे मूल पाहतं, तसं पाहिलं. मग हात वर केला आणि बाहेर जाऊन बसली. समोरच्यांनी फ्री थ्रोवर दोन गुण घेतले आणि ठेंगीचा संघ एका गुणानं हरला. सगळ्यांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या, काय माणूस आहे, तराजू तो तराजूच. आणि त्याला ते आवडलं होतं. हे सगळ्यात वाईट. दुसऱ्या दिवशी गावच्या पत्रकात चार ओळी आल्या, त्याच्याच छापखान्यात जुळवलेल्या, 'पित्याने दिला कन्येला पाचवा फाउल', आणि त्यानं स्वतः त्या तपासल्या, एक स्वल्पविराम घातला आणि पुढं पाठवल्या. मजकूर तपासणं त्याचं काम नव्हतं. संध्याकाळी दारात बसून बुटाची नाडी सोडता सोडता ठेंगीनं विचारलं होतं, "बाबा, माझे पाय हलले होते?" तो म्हणाला, "शिट्टी वाजली म्हणजे फाउल." ती "बरं" म्हणाली. पुन्हा कधी विचारलं नाही. पण त्या आठवड्यात गच्चीवर खडूनं काढलेली दोन पावलं दिसली, आणि त्या पावलांत ही पोर शाळेतून आल्यावर रोज उभी राहायला लागली, हात वर करून. सात वर्षं खडू गिरवला. आता वर्तमानपत्रं लिहितात की या मुलीचा बचाव म्हणजे भिंत, तिला हलवता येत नाही. वाचणारे वाहवा करतात. त्याला खडू दिसतो.

सोमवारी संघाच्या कार्यालयाबाहेरच्या बाकावर ती त्याच्या शेजारी बसली तेव्हा तिचे गुडघे जवळजवळ समोरच्या भिंतीला लागत होते. इस्त्रीचा शर्ट, केस पाण्यानं चापून बसवलेले, लहानपणी शाळेच्या फोटोसाठी बसवायची तसे. "बुटकीनं काही केलं नव्हतं, बाबा," ती म्हणाली. बुटकी म्हणजे तिच्या संघातली सगळ्यात लहान चणीची मुलगी. "ती उभी होती. येऊन आपटली ती दुसरी. आणि सरांनी फाउल दिला बुटकीला. ती कपडे बदलायच्या खोलीत रडत म्हणत होती, माझे पाय हलले असतील गं. हलले नव्हते. तिला आता आयुष्यभर वाटत राहणार, हलले असतील म्हणून." तो समोरच्या भिंतीकडे बघत राहिला. भिंतीवर आग विझवायची लाल नळकांडी होती आणि तिच्यावर तपासणीची तारीख. "मग गाडीपुढं उभं राहायचं?" "दुसरं काय करणार? मला तेवढंच चांगलं येतं," ठेंगी म्हणाली.

आत तीन माणसं होती. अध्यक्षबाई एके काळच्या खेळाडू, आता काठी घेऊन चालणाऱ्या, काठी टेबलाला टेकवून ठेवलेली. संघाचा वकील, ज्याच्यापुढं कागद नीट एकावर एक. आणि एका बाजूला चष्मेवाला. आपल्या गुरूला बघून तो अर्धवट उठला, नमस्कार करावा की करू नये या विचारात तसाच राहिला आणि बसला. वकिलानं तक्रार वाचली. अध्यक्षबाईंनी विचारलं, "हे असंच घडलं?" "हो," ठेंगी म्हणाली. "गाडीत मागं यांचा मुलगा होता. पाच वर्षांचा. घाबरून रडत होता, बाबाला मारणार म्हणून. माहीत होतं तुला?" ठेंगीचा चेहरा उतरला. नव्हतं माहीत. तिनं चष्मेवाल्याकडे पाहिलं, आणि तिचा हात वर गेला, सरळ, पार छताच्या पंख्यापर्यंत. वकील दचकून मागं सरकला. "चुकलं. गाडी अडवायला नको होती. मुलाची माफी मागते, घरी येऊन मागते." अध्यक्षबाई म्हणाल्या, "छान. मग या हमीपत्रावर सही कर. पंचाच्या निर्णयाबद्दल मैदानात किंवा मैदानाबाहेर यापुढं कधीही विचारणा करणार नाही. करार तयार आहे, विषय संपला." पेन पुढं आलं. ठेंगीनं हात खाली घेतला, कागद वाचला आणि परत सरकवला. "हे नाही येणार मला लिहून देता. पाय हलले नव्हते तिचे. गाडी अडवणार नाही. पण विचारणार." वकील म्हणाला, "अगं, दोन वर्षांचा करार आहे. दुसऱ्या संघांनाही हेच कळवावं लागेल." "कळलं," ती म्हणाली. तिचे पाय जमिनीवर होते. तो खालीच बघत होता, त्याला दिसले. दोन्ही रोवलेले.

मग अध्यक्षबाई त्याच्याकडे वळल्या. आवाजात आदर होता. "आपण सांगा ना तिला. आपण तर सख्ख्या मुलीला बाहेर काढलं होतं, मी तेव्हा ऐकलंय. आपल्यासारखा माणूस सांगेल तर पटेल." सगळी खोली त्याच्याकडे बघायला लागली. पोरीचं आयुष्य त्या टेबलावर होतं, आणि आता एक वाक्य म्हटलं की काम भागत होतं, तोंडात बसलेलं, सव्वीस वर्षं घासून गुळगुळीत झालेलं. तो उठून उभा राहिला. शिट्टी वाजली म्हणजे, एवढं खरंच त्याच्या ओठांवर आलं. आणि त्याचा हात वर जायला लागला. तो वर गेला सवयीनं, मूठ होऊन, खांद्याच्या वर, डोक्याच्या वर, आणि तिथं थांबला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ही सात वर्षं झाकलेली होती, आणि तिच्यापायी लोकांनी केवढा मान दिला होता त्याला. त्यानं ती उघडली. बोटं आखडली होती, एकेक करून सरळ करावी लागली. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं हात वर केला, उघडा पंजा, खेळाडूसारखा, आणि त्याला एकदम इतकं हलकं वाटलं की पुढचं बोलणं सोपंच झालं. "तो फाउल नव्हता," तो म्हणाला. "सात वर्षांपूर्वीचा. नऊ नंबरचा पाचवा. तिचे पाय हलले नव्हते, मी चार पावलांवर होतो, मला स्वच्छ दिसलं होतं. लोक काय म्हणतील म्हणून मी शिट्टी वाजवली. आणि घरी येऊन तिनं विचारलं तेव्हाही खोटं बोललो. चूक माझी. शिट्टी वाजली म्हणजे शिट्टी वाजली, एवढंच. फाउल झाला की नाही ते पायांना विचारायचं असतं." मग चष्मेवाल्याकडे वळून, "तुला मी चुकीचं शिकवलं रे."

बाहेर कुणीतरी चेंडू आपटत व्हरांड्यातून गेलं. चष्मेवाल्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "सर, मला पाय दिसलेच नव्हते," तो शेवटी म्हणाला. "मध्ये कुणीतरी आलं होतं. आवाजावरून शिट्टी दिली मी." त्याचा हात वर गेला नाही, टेबलावरून दोन बोटं उचलली गेली फक्त, पण पहिल्या दिवशी तेवढंही पुष्कळ असतं, हे तिथं उभ्या असलेल्या माणसाइतकं कुणाला ठाऊक असणार! अध्यक्षबाईंनी हमीपत्र पुढं ओढलं, ती ओळ दोनदा खोडली आणि वर स्वतःच्या हातानं लिहिलं, 'गाडी अडवणार नाही.' वकील म्हणाला, "बाई, असं नमुन्यात बसत नाही." "बसवा," बाई म्हणाल्या. "मला या संघात अशीच माणसं हवी होती तीस वर्षं. एक मिळाली तर सोडू की काय?" ठेंगीनं सही केली. करारावर, प्रत्येक पानावर, तिचं ते लांबच लांब अक्षर. त्याचा हात अजून वरच होता. "बाबा, खाली घ्या आता," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि हसूही. एकदमच दोन्ही.

जिन्यात ती तीन पायऱ्या खाली थांबली, म्हणजे दोघांचे डोळे सारखे आले. "मला माहीत होतं, बाबा." "कधीपासून?" "तेव्हापासूनच. पाय माझेच होते ना." तो कठडा धरून उभा राहिला. "मग विचारलंस कशाला?" "तुम्हाला माहीत आहे का, ते बघायला." बस, एवढंच बोलणं झालं. घरी गेल्यावर बायकोला त्यानं दारातच हात वर करून सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "देर आहे पण अंधेर नाही म्हणायचं," आणि नियमाप्रमाणं विषय संपला. नळाचंही सांगून टाका असं मात्र तिनं जाता जाता सुचवलं.

पहिला व्यावसायिक सामना महिन्याभरानं झाला. क्रीडागृह एवढं मोठं की छत ढगात असल्यासारखं, आणि त्यात नऊ नंबर, दिव्यांखाली, त्याची मुलगी. त्याच्या गळ्यात शिट्टी नव्हती, हातात लाल पेन नव्हतं. नुसता बसला होता बायकोशेजारी, ऊर भरून आलेला, आणि ते लपवायची गरज वाटत नव्हती. तिनं चार बास्केट केले, समोरच्या संघाची धिप्पाड खेळाडू तिच्यावर दोनदा आदळून परत गेली, भिंतीवरून चेंडू परत जावा तशी, आणि दोन्ही वेळा पंचानं तिचे पाय नीट बघितले. मग तिसऱ्या वेळी ठेंगीनं तिचं कोपर ओढलं. चपळाईनं, कुणाला दिसणार नाही असं. पण शिट्टी वाजली. हजारो माणसं उठून ओरडायला लागली, खोटा आहे, पंच आंधळा आहे. आणि त्या गोंगाटात, नियमपुस्तकातून केव्हाच गेलेली गोष्ट करत, नऊ नंबरनं हात वर केला. सरळ, उघडा पंजा. लोक चकित होऊन गप्प व्हायला लागले. तो उठून उभा राहिला आणि टाळ्या वाजवायला लागला, एकटाच, हात दुखेपर्यंत. "खरा आहे!" तो ओरडला. "फाउल खरा आहे! कोपर ओढलं तिनं, मी बघितलंय!" मागच्या माणसानं त्याचा शर्ट ओढला. "अहो काका, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे?"

"नऊ नंबरच्या," तो म्हणाला.